मामाला बाबा म्हणणारा मुलगा: अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशन करायचं की थांबायचं, हे आमच्याकडे कसं ठरलं

आमच्या घरात वर्षभर एक जोक चालू होता. माझा भाऊ आला की आमचे चिरंजीव "बाबा आला, बाबा आला" करत दाराकडे पळायचे, आणि माझ्या वडिलांना, ज्यांना अख्खं घर नाना म्हणतं, त्यांना "दादा". नकोला "दको", मलाला "बला". नवरा म्हणायचा, बघ हं, मला वाटेकरी आलाय घरात. आम्ही हसायचो, व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचो, सगळे हसणाऱ्या स्मायल्या टाकायचे. म आणि न म्हणायला हवा नाकातून जावी लागते आणि ह्याच्या नाकातून ती जातच नाहीये, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. नाक चिमटीत घट्ट धरून "मामा" म्हणून बघा, लगेच कळेल.

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तो सव्वाचार वर्षांचा होता, ज्युनिअर केजीत. आम्ही पुण्यात राहतो. घोरणं आधीपासून होतंच, सासूबाई कौतुकाने म्हणायच्या की अगदी बापावर गेलाय. झोपेत तोंड उघडं, उशीवर लाळेचा डाग, पंखा फुल असला तरी मान घामाने चिंब, आणि रात्रभर घड्याळाच्या काट्यासारखा फिरत राहायचा, सकाळी डोकं पायथ्याशी. अंथरूण ओलं करायचं बंद झालं होतं ते परत सुरू झालं. मग पहिल्याच पेरेंट मीटिंगला टीचर म्हणाल्या की मुलगा गोड आहे पण लक्ष देत नाही हो, हाक मारली तर वळून पण बघत नाही, स्वतःच्याच तंद्रीत असतो. मी घरी येऊन त्याला रागावले. हे लिहायला आत्ता पण नको वाटतं, पण रागावले.

जुलैत कान दुखून रात्रभर रडला, ताप आला, तेव्हा एका इएनटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मानेचा आडवा एक्स-रे काढायला लावला, फिल्म लाईटवर लावली, नाकामागच्या काळ्या पोकळीत फुगलेला पांढरट गोळा, म्हणजेच अ‍ॅडेनॉइड, दाखवला आणि म्हणाले ८० टक्के ब्लॉक आहे, पुढच्या मंगळवारी घेऊन टाकू. सगळं मिळून सात मिनिटं. कान त्यांनी बघितला, पण ऐकू किती येतं हे तपासलं नाही. रात्रीचं काही विचारलं नाही.

घाबरून आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो तर ते म्हणाले अजिबात घाई करू नका, हे सात-आठ वर्षांपर्यंत आपोआप बारीक होतं, आणि माँटेलुकास्टच्या (अ‍ॅलर्जी-दम्यावरच्या) गोळ्या लिहून दिल्या. तिसरीकडे चुलत सासूबाईंच्या आग्रहाने होमिओपॅथी पण झाली. साबुदाण्याएवढ्या गोळ्या, दिवसातून चार वेळा. त्याला त्या भयंकर आवडायच्या, नाक मात्र जसं होतं तसंच.

आता गंमत अशी की पहिले दोघंही डॉक्टर चूक बोलत नव्हते. एकजण गाठीच्या साइजबद्दल बोलत होता, दुसरा तिच्या भविष्याबद्दल, आणि आम्हाला विचारायचं होतं तिसरंच काहीतरी, की ही गाठ आत्ता ह्या मुलाचं नुकसान करतेय का. हे कळायला मला महिना लागला.

थोडं त्या गाठीबद्दल. अ‍ॅडेनॉइड म्हणजे नाकाच्या अगदी मागे, पडजिभेच्या वरच्या बाजूला असलेला टॉन्सिलसारखाच मऊ पेशींचा गोळा. तोंड उघडून बॅटरी मारली तरी दिसत नाही, म्हणून बरेच दिवस कोणाच्या लक्षातच येत नाही. कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर नावाच्या डॉक्टरांनी १८६८ मध्ये पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं की नाक चोंदल्यासारखं बोलणारी, तोंड उघडं टाकणारी, कमी ऐकू येणारी मुलं, ह्या सगळ्यामागे हा एकच गोळा असू शकतो. दीडशे वर्षांपूर्वीचं ते वर्णन आमच्या मुलाचंच वाटतं. हा गोळा साधारण तीन ते सात वयात सगळ्यात मोठा असतो आणि त्याच वयात नाकामागची जागा लहान असते. पुढे चेहरा वाढतो, गोळा आक्रसतो. त्यामुळे "थांबा" म्हणणाऱ्याकडे पण मुद्दा असतोच. प्रश्न एवढाच की तोपर्यंत काय काय पणाला लागतंय.

नणंदेने सुचवलेल्या दुसऱ्या इएनटी मॅडमकडे ऑगस्टच्या सुरुवातीला गेलो. त्यांनी एक्स-रे बघितला, बाजूला ठेवला आणि विचारलं, पहाटेचा व्हिडिओ आहे का? आमच्याकडे रात्री दहाचे ढीगभर घोरण्याचे व्हिडिओ होते. त्या म्हणाल्या ते नको, पहाटे तीन-चारचा काढा, स्वप्नांची झोप असते तेव्हा श्वास जास्त अडतो, शर्ट वर करून छाती आणि पोट दिसेल असा, दोन-तीन मिनिटं सलग. त्या रात्री अलार्म लावून उठले. मोबाईलच्या उजेडात त्याचा गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, घोरणं चालू, चालू, आणि मग एकदम शांत. पोट हलतंय पण आवाज नाही. मी मनात मोजत होते, सात, आठ, नऊ, आणि मग एक मोठा खर्रर्र करून हुंदका दिल्यासारखा श्वास. रात्रीचं घोरणं मी वर्षभर ऐकत होते, ही शांतता कधी ऐकलीच नव्हती, कारण ती ऐकू येतच नाही ना.

व्हिडिओ बघून मॅडमनी स्लीप स्टडी करायला लावली. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून एक रात्र झोपायचं. आम्हाला वाटलं हा काय झोपतोय, पण त्याला सांगितलं रोबोट व्हायचंय, झोपला. रिपोर्टमध्ये एक आकडा महत्त्वाचा असतो, तासाला किती वेळा श्वास अडला किंवा कमी पडला. मोठ्या माणसांत पाचपर्यंत नॉर्मल धरतात, लहान मुलांत एकच्या वर गेला की गडबड, पाचपर्यंत सौम्य, दहाच्या वर गंभीर. ह्याचा आला ३.४, ऑक्सिजन फारसा पडला नव्हता. मॅडम स्पष्ट म्हणाल्या की हा आकडा दहाच्या वर असता, ऑक्सिजन खाली जात असता किंवा वजन वाढत नसतं तर मी तुम्हाला थांबायला सांगितलंच नसतं. ३.४ ला थांबून बघता येतं.

मग त्यांनी जे केलं ते आधी कोणीच केलं नव्हतं, कान मोजले. कानात एक छोटं रबरी टोक घालून हवेचा दाब कमीजास्त करतात, पडदा नीट हलत असेल तर कागदावर डोंगरासारखं शिखर उमटतं. ह्याच्या दोन्ही कानांच्या रेघा सपाट, जणू कोणी पट्टी धरून ओढल्यात. त्याला टाइप बी म्हणतात, म्हणजे पडद्यामागे पाणी साठलंय. नंतर ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणं, पण लहान मुलांची खेळातली. काचेच्या खोलीत त्याच्या हातात एक लाकडी ठोकळा दिला आणि सांगितलं की हेडफोनमध्ये पक्षी बोलला की ठोकळा बादलीत टाकायचा. मी बाहेरून बघत होते. ताई बटण दाबतायत, तो ठोकळा गालाला लावून वाट बघतोय. परत दाबलं, हा बसलाय. आवाज वाढवला, मग टप्प, ठोकळा बादलीत, आणि चेहरा असा की बघा मी कसा जिंकलो. उजवा कान ३५ डेसिबल, डावा ३०, म्हणजे आवाज तेवढा मोठा केला तरच ऐकू येतो, आकडा जितका जास्त तितकं ऐकणं कमी. म्हणजे कुजबुज जवळजवळ नाहीच, आणि पंखे चालू असलेल्या वर्गात, मागच्या बाकावर, टीचर फळ्याकडे तोंड करून बोलल्या तर अर्धं वाक्य गायब. मुलगा तंद्रीत वगैरे काही नव्हता. त्याला ऐकूच येत नव्हतं.

मला वाटलं आता ह्याही म्हणणार मंगळवारी करू. नाही म्हणाल्या. कानातलं हे पाणी बऱ्याच मुलांत तीन महिन्यांत आपोआप उतरतं म्हणून तेवढं थांबायची पद्धत आहे, आणि आत्ता जे मोजलंय ते तेव्हा परत मोजायचं. तोवर नाकात मीठपाण्याचे थेंब आणि रोज एकदा मोमेटासोनचा, म्हणजे सूज कमी करणाऱ्या स्टिरॉइडचा, स्प्रे. माँटेलुकास्ट आधी बंद केलं, कारण ते सुरू झाल्यापासून तो रात्री किंचाळत उठत होता. गोळीमुळेच होतं की नाही ते सिद्ध काही करता येत नाही, पण ह्या औषधाच्या झोपेवर आणि मूडवर होणाऱ्या परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० मध्ये सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय, हे मात्र आम्हाला गोळी देताना सांगायला हवं होतं.

स्प्रे मारायची पण रीत असते. आधी मीठपाणी, नाक शिंकरायचं, मग डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, स्प्रेचं तोंड कानाकडे करून, मधल्या पडद्यावर मारायचा नाही नाहीतर रक्त येतं. आम्ही पहिले दहा दिवस सरळ वर मारत होतो, ते घशात जात होतं.

आणि मॅडमनी सांगितलं लिहून ठेवा, आठवणीवर विश्वास ठेवू नका. मग स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात तीन अक्षरं, घो म्हणजे घोरला, शू म्हणजे अंथरूण ओलं, का म्हणजे हाक दोनदा मारावी लागली. एकादशी आणि संकष्टीच्या मध्ये बसवलेली घो-शू-का. सासूबाईंनी पण मनावर घेतलं, सकाळी चहाच्या आधी विचारायच्या, काय गं, आज घो की नाही? ऑगस्टमध्ये २६ घो आणि ९ शू. सप्टेंबरात १८ घो. ऑक्टोबरमध्ये ११ घो आणि फक्त २ शू. पण "का"? "का" जवळजवळ रोज, तिन्ही महिने. तीन अक्षरांपैकी दोन खाली येतायत आणि एक ढिम्म हलत नाही, हे त्या चौकोनांमधे इतकं सरळ दिसत होतं की दिवाळीच्या आधी परत तपासायला गेलो तेव्हा निकाल मला आधीच माहीत होता. दोन्ही रेघा परत सपाट. उजवा ३५, डावा ३५.

इथे मला दिराच्या मुलीचं सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं वाचून कोणाला वाटेल घोरतो म्हणजे कापा. तिची गाठ आमच्यापेक्षा मोठी होती, दुर्बिणीत ग्रेड ४, आमची ग्रेड ३. तिचं वय सहा. घोरायची, पण श्वास थांबत नव्हता, कानाच्या रेघेला छान डोंगर, ऐकणं नॉर्मल. तिला स्प्रे आणि थांबणं एवढंच, आज ती आठ वर्षांची आहे आणि नाकाने श्वास घेत गाढ झोपते. मोठी गाठ असून ऑपरेशन नाही, लहान गाठ असून ऑपरेशन. एक्स-रेवरची टक्केवारी घेऊन जे पालक रडत फिरतात (मी फिरले होते) त्यांनी ही दोन मुलं शेजारी ठेवून बघावीत. मॅडमचं म्हणणं असं की एक्स-रे काढताना मूल रडत असेल किंवा तोंड उघडं असेल तरी चित्र बदलतं.

आणि नुसती सारखी सर्दी हे कारण तर फारच कच्चं. नेदरलँड्समध्ये १ ते ६ वयाच्या १११ मुलांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये छापून आला होता, वारंवार सर्दी-पडसं होणारी मुलं, अर्ध्यांचं अ‍ॅडेनॉइड काढलं, अर्ध्यांचं ठेवलं, दोन वर्षं पाठपुरावा केला, सर्दीत फरक नाही. सर्दी दोघांचीही वयाप्रमाणे कमी होत गेली. झोपेच्या बाबतीत पण थांबणं अगदी फुकट जात नाही. २०१३ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, ५ ते ९ वयाची ४६४ मुलं, त्यात टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड दोन्ही काढलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी सात महिन्यांनी नॉर्मल आली, आणि नुसतं थांबलेल्यांपैकी पण ४६ टक्क्यांची आली. ऑपरेशन जिंकलंच, वागणूक आणि एकूण त्रास यातही, पण जवळजवळ निम्मी मुलं काही न कापता सुधारली हे मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ऑगस्टमधली झोप तरी लागली असती.

तर आमच्याकडे ऑपरेशन ठरलं ते कानामुळे. नवऱ्याने बरोबर प्रश्न विचारला, की मग कानाचंच करा ना, पडद्यात ती छोटी नळी घालतात ग्रॉमेट म्हणून, ती घाला, गाठीला कशाला हात लावता. मॅडम म्हणाल्या वय चारच्या खाली असतं आणि नाकाचा त्रास नसता तर तेच केलं असतं. चारच्या पुढे मात्र ग्रॉमेटसोबत अ‍ॅडेनॉइड काढलं तर परत ग्रॉमेट घालायची वेळ कमी येते, नाकाचा त्रास उरलेला आहेच, आणि भूल एकदाच द्यावी लागते. टॉन्सिल लहान होते, ते ठेवायचे. हे पटलं. माझ्या मनात एक राहिलं होतं, की उन्हाळा बघायचा का, कारण उन्हाळ्यात काही मुलांचं पाणी उतरतं. पण उन्हाळा पाच महिने लांब, आणि ज्युनिअर केजीचं अर्धं वर्ष तो अर्धी वाक्यं ऐकत बसला होता. हेच मार्चमध्ये सापडलं असतं तर मी बहुतेक थांबले असते.

सासूबाईंची शंका वेगळी होती, देवाने दिलेलं कशाला काढायचं, प्रतिकारशक्ती जाईल. ह्यावर हसू नये. घशाभोवती अशा पेशींचं अख्खं कडं असतं, एक तुकडा गेला म्हणून मूल उघडं पडत नाही हे खरं, पण डेन्मार्कमध्ये जवळपास १२ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये असं मांडलं गेलं की लहानपणी ह्या गाठी काढलेल्यांना पुढे श्वासाचे काही आजार जास्त होतात. नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आहे, गाठ काढल्यामुळेच झाले की मुळातच ती मुलं जास्त आजारी होती हे त्यातून पक्कं होत नाही. मॅडमनी सासूबाईंना एवढंच सांगितलं, म्हणून तर आजी, आम्ही कारण असल्याशिवाय काढत नाही. त्यांना पटलं. मला वाटतं समोरच्याने आपल्याला "आजी" म्हणून नीट उत्तर दिलं ह्यानेच निम्मं पटलं.

ऑपरेशनच्या आधी मॅडमनी त्याला आ करायला लावून पडजीभ बघितली, मग ग्लोव्ह घालून बोटाने टाळू चाचपला. पडजीभ दुभंगलेली असेल किंवा टाळूच्या आत लपलेली फट असेल तर अ‍ॅडेनॉइड काढल्यावर टाळू नाकाचा रस्ता नीट बंद करू शकेलच असं नाही, बोलणं कायमचं नाकात जाऊ शकतं, पाणी प्यायलं तर नाकातून येऊ शकतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कोणी केलं नाही तर विचारा.

मेडिक्लेमबद्दल पटकन. बऱ्याच पॉलिसींमध्ये टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडला २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड असतो, आमचे २६ झाले होते, नशीब. आणि कोब्लेशन (विजेच्या कांडीने कमी उष्णतेवर गाठ विरघळवून काढणं) हवं का साधं खरवडून काढायचं असं विचारतात तेव्हा लक्षात घ्या की कोब्लेशनची कांडी एकदाच वापरून टाकून द्यायची असते म्हणून तिचे पैसे वेगळे लागतात, ते इन्शुरन्सवाले देतील का हे आधी लेखी घ्या.

दिवाळीनंतर तारीख घेतली, मध्ये एक सर्दी झाली म्हणून भूलतज्ज्ञांनी तीन आठवडे पुढे ढकलली, शेवटी डिसेंबरात झालं. रात्री शेवटचं दूध, सकाळी फक्त दोन घोट साखरपाणी तेही दोन तास आधीपर्यंत, पहिलीच केस. गोड औषध दिल्यावर तो झोकांड्या खायला लागला आणि नवऱ्याला म्हणाला "बाबा, तुझे दोन दाक." नवरा हसला आणि मग खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. आत जाऊन बाहेर यायला पाऊण तास, त्यातलं कापणं वीसेक मिनिटांचं. दोन्ही कानांतून गोंदासारखं घट्ट पाणी निघालं. उठल्यावर अर्धा तास कोणालाच ओळखत नसल्यासारखा किंचाळत होता, भुलीतून उठताना लहान मुलांचं असं होतं म्हणे, पण आधी कोणी सांगत नाही. एकदा काळपट उलटी झाली, गिळलेलं रक्त. ताजं लालभडक आलं तर लगेच बोलवा म्हणाल्या होत्या, तसं काही झालं नाही. दुखणं टॉन्सिलच्या मानाने अगदी कमी, तीन दिवस पॅरासिटामॉल. संध्याकाळी मऊ भात-वरण खाल्लं. तोंडाला मात्र आठ-दहा दिवस असा वास यायचा की सासूबाई पापी घेताना श्वास धरायच्या.

पहिला आठवडा एक भलतीच गोष्ट. आता हवा नाकातून जास्तच जायला लागली, टाळूला नव्या जागेची सवय नव्हती, त्यामुळे खरा बाबा समोर आला तर "मामा". दोन आठवड्यांत जागेवर आलं. भाऊ नाताळात आला तेव्हा हा स्पष्ट "मामा" म्हणाला आणि भावाला चक्क वाईट वाटलं.

जानेवारीत ऑडिओमेट्री परत झाली, दोन्ही कान १५ डेसिबलवर, ठोकळे धडाधड बादलीत. कुकरची शिट्टी झाली की आता कानावर हात ठेवतो, मिक्सर लावला तर चिडतो. ग्रॉमेट सहा महिने ते वर्षभरात आपोआप गळून पडतात, तोवर आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस आणि डोकं पाण्याखाली नाही. डावं गळून पडलंय, उजवं अजून आहे. घोरणं सर्दी असली तरच. तोंड उघडं टाकायची सवय मात्र गेलेली नाही, नाक मोकळं आहे तरी झोपेत जबडा खाली पडतोच, आणि वरचा टाळू जरा उंच-अरुंद झालाय म्हणून पुढच्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. कालनिर्णय नवीन आलं तरी सासूबाई अजून घो लिहितात, परवा चौकोनात दोन घो होते, विचारलं तर म्हणाल्या एक त्याचा, एक तुझ्या नवऱ्याचा.